डनरॉबिनचा वाडा आणि ओसाड खोरीं



आपल्याकडे गड पाहावयास जाणाऱ्या माणसाच्या मनांत आधींच एक इतिहास तयार असतो. कोणत्या दरवाजांतून कोण आला, कोणत्या बुरुजावर कोण पडला, हें त्यानें लहानपणीं ऐकलेलें असतें; आणि गडावरचीं पडकीं जोतीं पाहतांना त्या ऐकीव इतिहासानें तो तीं भरून काढतो. विलायतेंतला वाडा पाहतांना याच्या अगदीं उलट होतें. तेथें भिंती शाबूत, छप्पर शाबूत, टेबलावर चांदीचीं भांडीं मांडलेलीं. उणें असतें तें आपल्या माहितीचें. अशा वेळीं डोळ्यांना दिसतें तेवढेंच सारें, असें वाटूं लागतें. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील अशाच एका वाड्याची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव डनरॉबिन. वाडा अतिशय सुंदर आहे. परंतु त्याच्या इतिहासांतला सर्वांत मोठा भाग त्याच्या भिंतींच्या आंत घडला नाहीं, बाहेर घडला.

ब्रिटिश बेटांभोंवतीं फिरणाऱ्या एका प्रवासी बोटीनें जाण्याचा योग मला आला, आणि त्या सफरींत एक दिवस इन्व्हरगॉर्डन बंदरांत उतरावयास मिळाला. क्रोमार्टीच्या खाडीवरील हें खोल व सुरक्षित बंदर पूर्वीं ब्रिटिश आरमाराचें ठाणें होतें. १९३१ च्या सप्टेंबरांत पगारकपातीवरून खलाशांनीं काम थांबवून बंड पुकारलें तें येथेंच. मीं पाहिलें तेव्हां समुद्राच्या तळांतून तेल काढणारे प्रचंड लोखंडी मनोरे खाडींत नांगरून ठेविलेले होते. सायंकाळीं पांचाच्या आंत परत या, अशी बोटीवरून ताकीद होती. बरोबरीच्या बहुतेकांनीं दक्षिणेस नेसच्या सरोवराकडे धाव घेतली. आम्ही थोडे जण उत्तरेकडे जाणाऱ्या मोटारींत बसलों.

ही वाट डॉर्नॉखच्या खाडीवरील पुलावरून जाते. हा पूल १९९१ सालीं खुला झाला. त्यापुढें फ्लीट नांवाच्या लहान खाडीचें आंतलें टोंक एका लांब मातीच्या बांधानें अडविलेलें आहे व त्याच बांधावरून रस्ता नेलेला आहे. थॉमस टेलफर्ड या विख्यात इंजिनियराच्या देखरेखीखालीं बांधलेला हा बांध १८१६ त पुरा झाला. श्रोत्यांनीं हें साल ध्यानांत ठेवावें; त्याची गरज पुढें लागणार आहे.

गोल्स्पी गांव ओलांडलें कीं मैलभरावर झाडींतून वाडा दिसूं लागतो. उंच भिंती आणि कोपऱ्यांवर शंकूसारखीं निमुळतीं शिखरें. हें स्कॉटलंड कीं फ्रान्स, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा. हें रूप मात्र फारसें जुनें नव्हे. लंडनच्या पार्लमेंटभवनाचा शिल्पकार सर चार्लस बॅरी यानें १८४५ नंतर जुन्या किल्ल्याला धरून हें नवें काम उभारलें. मूळचा किल्ला मध्ययुगीन. सदरलंडच्या सरदारांची अर्ल ही पदवी सुमारें १२३५ पासूनची आणि किल्ल्याचा लेखी उल्लेख १४०१ चा. ‘डन’ म्हणजे दुर्ग. रॉबर्ट उर्फ रॉबिन नांवाच्या एका अर्लचा तो दुर्ग, अशी नांवाची उपपत्ति सांगतात. १७४६ त स्टुअर्ट राजपुत्राच्या पक्षानें तो थोडा काळ घेतला होता. १९१५ त, पहिल्या महायुद्धाच्या वेळीं तेथें आरमारी रुग्णालय असतां, आग लागून मोठें नुकसान झालें. त्यानंतर सर रॉबर्ट लॉरिमर यानें अंतर्भाग नव्यानें सजविला. १९६५ पासून सात वर्षें येथें मुलांची निवासी शाळा भरत असे, आणि १९७३ पासून वाडा लोकांस पाहण्यास खुला झाला. या भिंतींनीं पाढ्यांची घोकंपट्टीहि ऐकली आहे हें कळल्यावर जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास थोडी आपुलकी वाटली, तर नवल नाहीं.

वाड्यांत १८९ खोल्या आहेत. पाहुण्यांना दाखवितात त्या त्यांतल्या थोड्या. भोजनगृह, सिकॅमोरच्या लांकडानें मढविलेलें ग्रंथालय, घराण्यांतील स्त्रीपुरुषांचीं चित्रें, लहान मुलांची खोली, असें पाहत पाहत आपण बैठकीच्या मोठ्या दिवाणखान्यांत येतों. तेथें भिंतींवर विणीव पडदे आहेत आणि त्यांवर ग्रीक तत्त्ववेत्ता डायोजेनीस याच्या चरित्रांतले प्रसंग आहेत. रांजणांत राहणारा, आणि ‘हवें तें माग’ म्हणणाऱ्या शिकंदरास ‘माझ्या उन्हांतून बाजूस हो’ म्हणाला असें ज्याच्याविषयीं सांगतात, तोच हा डायोजेनीस. ज्याला एक रांजण पुरला त्याच्या चरित्रानें १८९ खोल्यांच्या वाड्याची भिंत सजविलेली! मला या योगायोगाची मौज वाटली. पण वाड्याबाहेरचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याची ती मौज फार वेळ टिकत नाहीं.

वाड्याखालीं समुद्राकडे उतरत गेलेली बाग आहे. ती बॅरीनेंच १८५० त, फ्रान्समधील व्हर्सायच्या बागांचा नमुना समोर ठेवून आंखली. बागेच्या कडेला १७३२ त बांधलेल्या एका उन्हाळी बंगल्यांत घराण्याचें संग्रहालय आहे: शिकारींतल्या जनावरांचीं असंख्य मुंडकीं, आणि त्यांच्या शेजारीं स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांचे कोरीव दगड. हें सारें पाहून वाड्याच्या आवाराबाहेर आलें, कीं गोल्स्पीच्या पाठीमागच्या डोंगराकडे नजर जाते. बेन ब्रॅगी हें त्या डोंगराचें नांव. उंची सुमारें १,३०० फूट. त्याच्या माथ्यावर चौथऱ्यासह सुमारें १०० फूट उंचीचा एक पुतळा उभा आहे. तो या घराण्यांतल्या पहिल्या ड्यूकचा. १८३७ त तो उभारला गेला. दयाळू, विवेकी व उदार जमीनदाराच्या स्मरणार्थ शोकाकुल आणि कृतज्ञ कुळांनीं तो उभारला, असा मजकूर चौथऱ्यावरील लेखांत आहे. याच पुतळ्यापासून आपल्या खऱ्या विषयास सुरुवात होते.

सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ १७६५ त जन्मली. ती अवघी एक वर्षाची असतां आईबाप वारले आणि ही अफाट जहागीर तिच्या नांवें झाली. १७८५ त जॉर्ज ग्रॅनव्हिल ल्यूसन-गोर या इंग्लिश सरदाराशीं तिचें लग्न झालें. १८०३ त वडिलांची जमीन व पदवी आणि मामाच्या कालव्यांचें उत्पन्न, अशी दोन्हीकडची संपत्ति या गृहस्थाच्या हातीं आली आणि तो ब्रिटनमधल्या अतिश्रीमंतांत गणला जाऊं लागला. १८३३ त त्याला ड्यूक ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीं डनरॉबिन येथें तो वारला. बायकोची जमीन व नवऱ्याचा पैसा यांची अशी गांठ पडल्यावर दोघांच्या मनांत एकच शब्द घोळूं लागला: सुधारणा.

त्या वेळीं जहागिरीच्या अंतर्भागांतल्या खोऱ्यांत गेलिक भाषा बोलणारीं हजारों माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहत होतीं. काळीं गुरें पाळावींत, ओट व जव पेरावा, बटाटे लावावेत, असा त्यांचा क्रम. जीवन कष्टाचें होतें. वाईट सालीं जहागिरीलाच धान्य पुरवावें लागे. जमिनीचा कागद त्यांच्यापाशीं नसे. पण वाडवडील येथें राहिले, आपल्या सरदारासाठीं लढले, म्हणून ही भूमि आपली, अशी भावना असे. आपल्याकडील मिरासदाराच्या मनांतल्या भावनेशीं तिचें नातें सहज जुळेल. फरक एवढाच, कीं मिरासीला आपल्याकडे मान्यता होती. तिकडच्या कायद्यानें ही वहिवाट मानिली नाहीं.

इंग्लंडांतल्या गिरण्यांमुळें लोंकरीला भाव चढला होता. दक्षिणेकडील चेव्हियट जातीचें दणकट मेंढरूं उत्तरेच्या थंडींत तग धरतें असें दिसून आलें होतें. तेव्हां बेत असा ठरला: आंतलीं खोरीं मोठमोठ्या मेंढपाळ मक्तेदारांस द्यावयाचीं, आणि माणसें किनाऱ्यावर आणून वसवावयाचीं. तेथें त्यांना जमिनीचे लहान तुकडे मिळत. इतके लहान, कीं त्यांवर पोट भरूं नये आणि माणसानें मासेमारीला किंवा मजुरीला लागावें. हेल्म्सडेलचें मासेमारीचें बंदर, ब्रोरा येथील कोळशाची खाण, १८१९ त निघालेली क्लाइनलिश येथील दारूची भट्टी, रस्ते, पूल, आणि आपण ओलांडला तो १८१६ चा बांध, हें सारें त्याच काळांतलें. आजचा प्रवासी ज्या रस्त्यानें वाडा पाहावयास जातो त्या रस्त्याचा इतिहास आणि ओस पडलेल्या खोऱ्यांचा इतिहास असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

१८१३ त किल्डोनन खोऱ्यांतल्या लोकांनीं प्रतिकार केला; त्यांना धाक घालण्यासाठीं फौज आणावी लागली. त्यांतलीं कांहीं कुटुंबें लॉर्ड सेल्कर्कच्या वसाहतींत जाण्यासाठीं जहाजानें कॅनडाकडे निघालीं. वाटेंत जहाजावर तापाची सांथ आली. हडसन उपसागराच्या कांठीं कडक हिवाळा काढून, बर्फांतून पायीं चालत, त्यांनीं १८१४ त रेड नदीचें खोरें गांठलें. आजच्या विनिपेग शहरांत किल्डोनन हें नांव आहे तें त्यांच्यामुळें.

१८१४ च्या उन्हाळ्यांत स्ट्रॅथनेव्हर खोऱ्याची पाळी आली. तेथें लोकांना उठविण्याचें काम पॅट्रिक सेलर या कारभाऱ्याकडे होतें. आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर मेंढरांचा मक्ता घेणाराहि हाच सेलर होता. लोकांनीं परत येऊन राहूं नये म्हणून घरांचे वांसे व छपरें पेटवून देत. त्या प्रदेशांत झाडें थोडीं. छपराचें लांकूड हेंच गरिबाचें धन. मार्गरेट मॅके नांवाच्या एका वृद्ध स्त्रीला जळत्या घरांतून बाहेर काढण्यांत आलें. पांच दिवसांनीं ती वारली. १८१६ च्या एप्रिलांत इन्व्हरनेस येथें सेलरवर मनुष्यवधाच्या आरोपाखालीं खटला झाला आणि जूरीनें त्याला निर्दोष सोडलें. नंतर १८१९ त मोठ्या प्रमाणावर पुन्हा घरें खालीं करण्यांत आलीं. डॉनल्ड मॅक्लाउड या पाथरवटानें पुढें लिहून ठेविलें, कीं त्या वेळीं एका रात्रीं उंचवट्यावर चढून आपण अडीचशें जळतीं घरें मोजलीं.

या हकीकतीचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येऊन पोंचतो. १७९९ त सदरलंडच्या याच जहागिरींतून ९३ वी पलटण उभारण्यांत आली होती. मुलगा पलटणींत दिला म्हणजे घरच्यांच्या जमिनीस धक्का लागणार नाहीं, अशी कुळांची समजूत होती. ही पलटण १८५४ त बालाक्लाव्हाच्या लढाईंत नांवाजली, आणि १८५७ च्या नोव्हेंबरांत लखनौच्या सिकंदर बागेंतील घनघोर लढाईंतहि तीच होती. परंतु क्रिमियाच्या युद्धासाठीं नवी भरती करावयास दुसरा ड्यूक उभा राहिला तेव्हां कोणीहि पुढें आलें नाहीं, आणि माणसांपेक्षां मेंढरें तुम्हांला प्रिय, तर आतां मेंढरांनाच लढावयास न्या, अशा अर्थाचें उत्तर एका म्हाताऱ्यानें दिलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण लोकांनीं काय लक्षांत ठेविलें, हें तिच्यावरून समजतें.

या प्रकरणावर पुढें मोठें वाग्युद्ध झालें. दुसऱ्या ड्यूकची पत्नी हॅरिएट ही गुलामगिरीच्या विरुद्ध चळवळ करणारी स्त्री. १८५३ त तिनें लंडनमधील आपल्या वाड्यांत अमेरिकन लेखिका हॅरिएट बीचर स्टो हिचा सत्कार केला. त्याच वर्षीं कार्ल मार्क्सनें न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत विचारलें, कीं जिच्या घराण्यानें स्वतःचीं कुळें देशोधडीस लाविलीं तिनें दुसऱ्यांच्या गुलामगिरीवर अश्रु ढाळावे कसे? स्टोबाईंनीं आपल्या प्रवासवर्णनांत सदरलंड घराण्याची बाजू घेतली. त्याला मॅक्लाउडनें उत्तर दिलें, आणि तें १८५७ त कॅनडांतून पुस्तकरूपानें निघालें. बाईंच्या पुस्तकाच्या नांवांत ‘उजळ आठवणी’ होत्या. पाथरवटानें आपल्या पुस्तकाला मुद्दाम ‘काळोख्या आठवणी’ असें नांव दिलें. ड्यूकच्या पुतळ्याविषयींहि तो लिहितो, कीं ज्यांच्यापाशीं एक शिलिंग होता त्यांनीं तो दिला, आणि ज्यांच्यापाशीं नव्हता ते आतां आपलें काय होणार म्हणून धास्तावून बसले.

आतां दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. जहागिरीचा मुख्य कारभारी जेम्स लॉक यानें १८२० त या सुधारणांचा एक सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें, कीं लोकसंख्या वाढत होती, दुष्काळ येत होते, आणि त्या खोऱ्यांत माणसांचें भवितव्य नव्हतें. ही गोष्ट सर्वस्वी खोटी नाहीं. एरिक रिचर्ड्स या इतिहासकारानें दाखविलें आहे, कीं इंग्लंडांतल्या उत्पन्नाचा प्रचंड पैसा या घराण्यानें सदरलंडमध्यें ओतला. हें केवळ लुटीचें काम असतें तर तसें झालें नसतें. उलट, जेम्स हंटर यानें २०१५ त लिहिलेल्या ग्रंथांत उठविलेल्या माणसांच्या बाजूनें तीच कथा पुन्हा तपासली आहे. दोन्ही वाचून माझ्यासारख्या साध्या शिक्षकाचें मत असें होतें, कीं काउंटेस दुष्ट होती कीं भली, हा मुख्य प्रश्नच नव्हे. सुधारणा ज्यांच्यासाठीं म्हणून केली त्यांना एका शब्दानें विचारलें गेलें नाहीं, हा मुख्य प्रश्न. रस्ता चांगला होता, पूल चांगला होता, बंदर चांगलें होतें; पण ज्याचें घर जाळून त्याला त्या रस्त्यावर आणून सोडलें, त्याला तो चांगला कसा दिसावा?

विचारण्याची वेळ आली ती पुढें जवळजवळ सत्तर वर्षांनीं. १८८३ त सरकारनें उत्तर स्कॉटलंडमधील लहान शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं एक मंडळ नेमलें. त्याचा अध्यक्ष लॉर्ड नेपियर हा १८६६ ते १८७२ मद्रासचा गव्हर्नर होता व काहीं महिने त्यानें हंगामी व्हाइसरॉय म्हणूनहि काम पाहिलें होतें. या मंडळानें गांवोगांव जाऊन साक्षी घेतल्या. लहानपणीं ज्यांनीं घरें सोडलीं अशीं म्हातारीं माणसें पुढें आलीं आणि आपल्या तोंडानें बोललीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८८६ त, कायदा झाला व खंड भरणाऱ्या लहान कुळास जमिनीवरून उठवितां येणार नाहीं असें ठरलें. कायदा उशिरां आला. खोऱ्यांतून गेलेली माणसें त्यानें परत आलीं नाहींत. स्ट्रॅथनेव्हरमधल्या रोसल गांवाचीं दगडी जोतीं आज पुराणवस्तु म्हणून पाहावयास मिळतात.

डनरॉबिनच्या बागेपुढें जो समुद्र पसरला आहे त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूर्वेकडे, बांफ नांवाचें गांव आहे. मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ १७८९ त तेथें जन्मला. १८१८ पासून १८२२ पर्यंत तो साताऱ्यास होता. छत्रपतींच्या राज्याची घडी तो तेथें बसवीत होता त्याच वर्षांत त्याच्या जन्मगांवासमोरच्या किनाऱ्यापलीकडचीं खोरीं ओस पडत होतीं. त्याचा ग्रंथ १८२६ त निघाला. त्यासाठीं त्यानें बखरी वाचल्या व दफ्तरेंहि चाळलीं. पुढें १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें त्या ग्रंथावर टीका लिहिली, आणि मराठी वाचकास थोरांच्या ग्रंथालाहि पुरावा विचारण्याची सवय तेथून लागली.

तीच सवय डनरॉबिन येथें उपयोगी पडते. डोंगरावरचा पुतळा ही एक बखर आहे. बखर धन्याच्या आज्ञेनें लिहिली जाते आणि धन्याची कीर्ति गाते. तेवढ्यानें ती टाकाऊ ठरत नाहीं, पण एकटी पुरतहि नाहीं. सदरलंड घराण्याचें दफ्तर आज एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. कारभाऱ्यांचीं पत्रें, खंडाचे हिशेब, कोणास केव्हां उठवावयाचें याचे बेत, हें सारें त्यांत आहे. आणि त्या घराण्यावरील आरोपांचा सर्वांत भक्कम पुरावा अभ्यासकांना त्याच्याच कागदांतून मिळाला. हे कागद जपून ठेविले, एवढें श्रेय मात्र त्या घराण्यास दिलें पाहिजे.

१९९४ त तो पुतळा खालीं उतरवावा अशी मागणी झाली होती. तो अजून उभा आहे. माझ्या मतें तो तसाच असूं द्यावा. बखर फाडून इतिहास दुरुस्त होत नाहीं. तिच्याशेजारीं दफ्तर उघडून ठेवावें म्हणजे होतो. हेल्म्सडेल येथें २००७ त देशांतर करणाऱ्या एका कुटुंबाचा पुतळा उभारण्यांत आला आहे: बाप पुढें पाहतो, आई मागें वळून खोऱ्याकडे पाहते. हे दोन पुतळे एकाच किनाऱ्यावर थोड्या मैलांच्या अंतरानें उभे आहेत. जो प्रवासी डनरॉबिनचा वाडा पाहून त्याच्या सौंदर्याची तारीफ करील त्यानें ती खुशाल करावी. वाडा तारिफेला पात्र आहे. परंतु ती करतांना त्यानें त्या आईप्रमाणें एकदां मागें वळून खोऱ्यांकडेहि पाहावें. वाडा पाहणें तेव्हांच पुरें होतें.